मार्गिट तळ्यावरची उघडी बादली

२०१३ साली आमच्या मार्गिट तळ्यावरचा बर्फ मे उजाडला तरी हटला नव्हता, आणि त्याच हिवाळ्यात आर्डिस ट्वेटने हार्लन स्टेनेरसनशी ठरलेलं लग्न मोडलं. मिनेसोटातल्या आमच्या नॉर्डबी गावात यांतल्या कशाची चर्चा जास्त झाली ते सांगणं कठीण आहे. बर्फाबद्दल लोक मोठ्याने बोलायचे आणि लग्नाबद्दल हळू, एवढाच फरक.

मी तेव्हा ‘टिप-अप’मध्ये कामाला होते. टिप-अप म्हणजे खरं तर बर्फातल्या भोकावर मांडून ठेवायचा गळ. मासा लागला की त्याचं लाल निशाण फटकन उभं राहतं. लायल ओस्टबीने तेच नाव आपल्या साइटला दिलं होतं. बाकीच्या साइटवर सगळं जग भांडायचं. आमच्याकडे मिनेसोटापासून मॅनिटोबापर्यंतचे बर्फावर मासे धरणारे लोक यायचे, माशांचे फोटो टाकायचे, एकमेकांना शाबासकी द्यायचे आणि माशाच्या लांबीबद्दल थोडंफार खोटं बोलायचे. कुणी तुमच्या फोटोला दाद दिली की पडद्यावर लाल निशाण उभं राहायचं. त्या निशाणासाठी साठी उलटलेले पुरुष ताटावरून उठत.

ऑफिस आमिषाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली टाक्यांत आमिषाचे चिमुकले मासे वळवळत असायचे आणि त्यांचा वास आमच्या कॉफीलाही यायचा. माणसं आम्ही तीनच. लायल मालक. वेंडेल टोफ्ट कॉम्प्युटरचं सगळं बघायचा. पन्नाशीचा, अविवाहित, आणि इतका कमी बोलणारा की फोनवर लोकांना लाइन तुटल्यासारखं वाटायचं. सभासदांच्या पत्रांना उत्तरं द्यायचं काम माझं. यजमान कॉलेजातून निवृत्त झाले आणि दिवसभर दोघांनी एकमेकांकडे बघत बसणं काही जमेना, म्हणून मी ही नोकरी धरली होती. आज त्या जिन्याची आठवण आली की तो वास अजून नाकाशी येतो, आणि बरा वाटतो.

आमच्या भागात माणूस तुम्हाला स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनची हकिकत टाक्यांसकट सांगेल, पण मासे कुठे लागले हे सांगणार नाही. विचारणंच असभ्य. कुणी विचारलंच तर ‘त्या बाजूला’ एवढं उत्तर मिळतं आणि हात मात्र खिशातून बाहेर येत नाही.

टिप-अपचा सगळा पसारा या गुपितावरच उभा होता. फोनने फोटो काढला की तो कुठे उभं राहून काढला हेही त्या फोटोच्या पोटात आपोआप लिहिलं जातं. वेंडेलने पहिल्या दिवसापासून काळजी घेतली होती: साइटवर दिसणाऱ्या फोटोतून जागा पुसलेली असायची. मूळ फोटो मात्र जसाच्या तसा ठेवावा लागे, कारण हिवाळा संपताना स्पर्धा असायची आणि फोटो खरा की खोटा हे पंचांना तपासायचं असायचं. हे मूळ फोटो एका मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या क्लाउडवरच्या जागेत राहत. त्या धंद्यात अशा जागेला बकेट म्हणतात. म्हणजे बादलीच. आमच्या गावात बादली उलटी घालून तिच्यावर बसतात आणि सुलटी करून तिच्यात मासे टाकतात, त्यामुळे हा शब्द लायलला पहिल्या झटक्यात पटला. “बादली बंद आहे ना?” असं तो अधूनमधून विचारायचा. वेंडेल मान हलवायचा.

आता आर्डिसबद्दल. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि गावातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा चांगले मासे धरायची. तिची एक जागा होती. पाण्याखाली एक उंचवटा आहे आणि त्याच्या कडेला वॉलआय मासे येतात, एवढंच लोकांना माहीत होतं. तो कुठे आहे ते नव्हतं. पहिल्या नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं. “रॉयला सांगून काय उपयोग?” ती म्हणायची. “दोन ग्लास झाले की त्याच्या पोटात फक्त बिअर राहायची.” रॉय गेला, वर्षं गेली, आणि शाळेच्या बसवरून निवृत्त झालेल्या हार्लनशी तिचं जमलं. एका सकाळी तिने त्याला बर्फगाडीवर मागे बसवलं आणि त्या जागी नेलं. अंगठी नंतर आली. आमच्या मते साखरपुडा त्या सकाळीच झाला होता.

फेब्रुवारीत ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

“डुएन क्रूगरची खोपटी,” ती म्हणाली. “ती हिरवी. माझ्या जागेवर.”

डुएन बाहेरगावच्या लोकांना बर्फावरच्या लाकडी खोपट्या भाड्याने द्यायचा. आत शेगडी, बाक आणि जमिनीत भोक.

“योगायोग असेल गं.”

“एवढं मोठं तळं. योगायोगाला उतरायला दुसरी जागा मिळाली नाही?”

“हार्लन काय म्हणतो?”

“म्हणतो, मी कुणाला एक शब्द बोललो नाही. हार्लन कधी एका शब्दावर थांबलाय? अगं, बस थांबली तरी मुलं खाली उतरायची नाहीत, याची गोष्ट संपायची असायची.”

“म्हणून लग्न मोडायचं?”

“मी ती जागा त्याला एकट्याला दाखवली. त्याला एक जागा सांभाळता येत नाही. मला काय सांभाळणार?” तिने माझ्यासमोर बोट धरलं. अंगठी नव्हती. “मे महिन्याचा चर्चचा हॉल मी परत केला. कॉफी नको. बरं, दे अर्धा कप.”

हार्लनचं तोंड तेव्हापासून बंदच झालं. कॅफेत येऊन बसायचा, अंडी थंड करायचा आणि जायचा. ज्याच्या बडबडीला गाव कंटाळलं होतं, त्याच्या गप्प बसण्याने गावाला जास्त त्रास झाला.

आणि हे त्यांच्यापुरतं नव्हतं. त्या हिवाळ्यात कुणाच्याही चांगल्या जागेवर दोन दिवसांत डुएनची हिरवी खोपटी उगवायची. जो तो आपल्या जवळच्या माणसाकडे संशयाने बघायचा. सख्खे भाऊ एकमेकांची भोकं चुकवून लांबून जायचे. डुएनला विचारलं तर तो म्हणायचा, “माझ्या हाताला यश आहे.” डुएनच्या हाताला तोवर फक्त हिमदंश झालेला गावाने बघितला होता.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात केशरी टोप्या घातलेले दोन पुरुष. मागे घसरगाडी, तिच्यावर बर्फ फोडायचं मोठं गिरमिट, बादल्या, गळ.

“नमस्कार बाई,” थोरला म्हणाला. “तळं मागच्या अंगाला आहे का?”

“कसलं तळं?”

“हेच. इथलं.”

“इथे नळ आहे,” मी म्हटलं. “आणि बर्फ वितळला की तळघरात थोडं पाणी येतं.”

मग धाकट्याने फोन पुढे केला. “हे बघा ना. अख्ख्या काउंटीत सगळ्यात मोठा लाल ठिपका तुमच्यावर आहे. इथे भरपूर वॉलआय लागतात असं लिहिलंय.”

खरंच होता. नकाशावर आमची गल्ली, आमचं घर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी टपोरा लाल ठिपका. माझ्या लगेच ध्यानात आलं. टिप-अपवर मी दर शुक्रवारी माशाची एक पाककृती द्यायचे, रवा लावून तळलेला, चिंच घालून केलेला, आणि सोबत आमच्याच ओट्यावर काढलेला फोटो. त्या नकाशाला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं की या जागी वर्षभर मासेच मासे दिसतात.

“कुठून आलात?”

“आयोवा.”

आमच्याकडे आयोवाच्या लोकांवर विनोद करायची पद्धत आहे. एरवी त्यासाठी थोडं डोकं चालवावं लागतं. त्या दिवशी विनोद स्वतःच गिरमिट घेऊन दारात आला होता. मी त्यांना आत बोलावून कॉफी दिली. नकाशा कुठल्याशा परदेशी साइटवर विकत मिळतो, असं त्यांनी सांगितलं. “डुएन क्रूगरनेच दाखवला. तोही हाच वापरतो.”

ते गेल्यावर मात्र मी दाराला आतून साखळी लावली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हे दोघे गिरमिट घेऊन आले आणि खडीसाखरेसारखे गोड निघाले. पण माझं घर कुठलं, मी शुक्रवारी स्वयंपाकघरात असते, हे कुठल्या कोण माणसाने विकायला ठेवलं होतं, आणि अजून कुणी विकत घेतलं होतं?

मी वेंडेलला फोन केला. तो दहा मिनिटांत ऑफिसात हजर. नकाशा बघितला, एकामागून एक ठिपके बघितले, आणि त्याचा चेहरा खिडकीबाहेरच्या बर्फासारखा झाला.

“हे मूळ फोटोंतलं आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे बादलीतलं? बादली बंद होती ना?”

त्याने बादलीची पानं उघडली. कुणाला आत येऊ द्यायचं याची एक यादी तिथे असते. तिच्यात एका ओळीसमोर खूण होती. ओळ होती: ‘ओळख पटलेले वापरकर्ते.’

“ही खूण मी केली,” वेंडेल म्हणाला. “पंचांसाठी. ओळख पटलेले म्हणजे आपले सभासद, नाव-पासवर्ड टाकून आत आलेले, असं मला वाटलं. पुढे त्यांतल्या पंचांनाच दिसेल अशी सोय मी वेगळी केली होती.”

“मग चुकलं काय?”

“ती यादी आपली नाही. क्लाउडवाल्या कंपनीची आहे. ओळख पटलेले म्हणजे त्यांना पटलेले. त्या कंपनीकडे ज्याचं खातं आहे असा कुणीही.”

“गावातला?”

“जगातला.”

मला हसू आलं आणि रडूही. “वेंडेल, म्हणजे तू पाटी लावलीस ‘फक्त घरच्यांसाठी’, आणि घर कुणाचं तेच बघितलं नाहीस.”

“उफ्फ दा,” तो पुटपुटला. आमच्याकडचे नॉर्वेजियन पाय मोडला तरी इतकंच म्हणतात. मग त्याने ती खूण काढली. एक टिचकी. तीन हिवाळे उघडी असलेली बादली एका टिचकीत बंद झाली. पण जे कुणी उतरवून नेलं ते नेलंच.

त्याच दिवशी लायल आला. सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“बंद झाली ना? मग झालं तर. लोकांना सांगून त्यांचा हिवाळा कशाला खराब करायचा?”

“हिवाळा कधीच खराब झालाय,” मी म्हटलं. “भाऊ भावाशी बोलत नाही. आर्डिसने हार्लनला नाही म्हटलंय. तो चुगलखोर नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि तिला माहीत नाही. गप्प कसं बसायचं?”

“ते त्यांचं खासगी आहे, सिंधू.”

“खासगी काही उरलेलंच नाही, लायल. तीच तर भानगड आहे.”

“साइट बुडेल माझी.”

“बुडेल कदाचित,” वेंडेल म्हणाला. आम्ही दोघांनी वळून बघितलं. तो आपणहून बोलला होता. “पण ज्यांची घरं त्या नकाशावर आहेत त्यांना मी आजच फोन करणार. आणि सूचनेखाली नाव माझं घाला. खूण मी केली होती.”

लायलने सूचना लिहायला घेतली. त्याचं पहिलं वाक्य असं होतं: ‘आपल्यापैकी काहींचे फोटो कदाचित अपेक्षेपेक्षा किंचित जास्त लोकांना दिसले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी ते खोडलं आणि लिहिलं: ‘तुम्ही फोटो कुठे काढले ते तीन वर्षं जगाला दिसत होतं.’ लायलने डोळे मिटले आणि सूचना लावली.

लोक चिडले. पण कशावर, ते ऐकण्यासारखं होतं. परक्या माणसाला आपल्या घराचा पत्ता गेला, याबद्दल थोडीच पत्रं आली. तळ्यावरची जागा गेली म्हणून आलेल्या पत्रांना उत्तरं देता देता माझी बोटं दुखली. एकाने तर आपला विक्रमी पाईक मासा मिनेसोटात धरल्याचं सांगितलं होतं, आणि नकाशाने तो विस्कॉन्सिनमधला ठरवला. तो वर्षभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला.

सोमवारी ऑफिसच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हार्लन. हातात सूचनेची छापील प्रत, पाठीमागून आर्डिस. महिनाभर मिटलेलं तोंड फुलून आलं होतं.

“वेंडेल! सांग हिला. तुझ्या तोंडाने सांग. मी चुगली केली का?”

वेंडेलने पुन्हा सगळं सांगितलं. बादली, यादी, खूण. आर्डिसने हातमोजे मांडीवर ठेवून शांतपणे ऐकलं.

“बघ!” हार्लन म्हणाला. “मी एक शब्द बोललो नव्हतो. आता बोल!”

“एक गोष्ट कळली नाही,” आर्डिस म्हणाली. “मी या टिप-अपवर नाही. मी आयुष्यात माशाचा फोटो काढलेला नाही. मासा काय फोटो काढायची वस्तू आहे? मग माझी जागा तुमच्या बादलीत आली कुठून?”

हार्लनचा हात प्रतीसकट हवेत होता तो तसाच राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“वेंडेल?” आर्डिसने विचारलं.

“सभासदांच्या फोटोंबद्दल मी यापुढे कुणालाच काही सांगणार नाही,” वेंडेल म्हणाला.

“सिंधू?”

मी कॉफीच्या भांड्यात डोकावून बघायला लागले. त्यात काही नव्हतं.

हार्लनने टोपी काढली. “गुरुवारी तुझी गायनाची तालीम असते,” तो म्हणाला.

“असते.”

“मी गेलो होतो. एकटाच.”

“कुठल्या गुरुवारी?”

“जानेवारीतल्या.”

“जानेवारीत बरेच गुरुवार होते.”

“हो,” हार्लन म्हणाला. “त्या सगळ्या.”

आर्डिसने एक हातमोजा घातला. मी म्हटलं, संपलं.

“काय लागलं?” तिने विचारलं.

“वॉलआय.”

“केवढा?”

“जाऊ दे ना, आर्डिस.”

“केवढा?”

“एकोणतीस इंच.”

“माझा सगळ्यात मोठा अठ्ठावीस आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर तुला सांगितलं नाही.”

“आणि जगाला सांगितलंस!”

“जगाला मासा दाखवला. मागे नुसता बर्फ होता, बाकी काही नाही. जागा मी कुणालाच सांगितली नाही. म्हणजे, सांगत नाहीये असं मला वाटलं.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” वेंडेल हळूच म्हणाला.

आर्डिसने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. “तुम्हा दोघांना एका खोपटीत कोंडून बाहेरून कडी घातली पाहिजे,” ती म्हणाली. “आणि कडी कोण घालतंय तेही तुमच्याकडून तपासून घ्यायचं नाही.” मग हार्लनकडे वळली. “मी तुला चुगलखोर म्हटलं. ते परत घेते. तू चोर आहेस.”

“आहे.”

“चोराशी लग्न करता येतं. त्याला घरात ठेवायचं म्हणजे झालं. चुगलखोराचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.” तिने दुसरा हातमोजा घातला. “तालीम गुरुवारची असते, तिथे तू यायचं. मागे बसायचं. गायचं नाही.”

“नाही गाणार.”

“सिंधू, मे महिन्याचा हॉल अजून रिकामा असेल का गं?”

हॉल रिकामा होता. मेच्या दुसऱ्या शनिवारी लग्न झालं आणि खिडकीतून तळं पांढरंच दिसत होतं. गाजराच्या जेलीपासून भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशपर्यंत सगळं होतं. मासा नव्हता, आर्डिसने घालू दिला नाही.

पुढचं थोडक्यात. नकाशा विकणारा कोण होता ते कधीच कळलं नाही. दोनेक वर्षांनी ती साइट आपोआप नाहीशी झाली. डुएनच्या ‘हाताचं यश’ त्याच वसंतात संपलं. पुढे त्याने खोपट्या विकल्या आणि तो ॲरिझोनात गेला. तिथे तो लोकांना वाळवंटात गोल्फच्या गाड्या भाड्याने देतो असं ऐकलं. आयोवाचे दोघे त्यानंतर तीन हिवाळे माझ्याकडे कॉफीला यायचे. धाकट्याला मी माशाची आमटी शिकवली. चौथ्या वर्षी फक्त ख्रिसमसचं कार्ड आलं. लायलची साइट बुडाली नाही, पण लोक कमी होत गेले. २०१७ मध्ये त्याने ती बंद केली, आणि बंद करण्याआधी बादलीतला एकेक फोटो पुसल्याची खात्री वेंडेलकडून करून घेतली. लायल आता नातवंडांना सांभाळतो. वेंडेल सेंट पॉलला एका विमा कंपनीत लागला. दुसऱ्यांच्या याद्यांतल्या खुणा तपासायचं काम करतो, आणि मला कुणीतरी सांगितलं की त्याच्या बैठका फार लांबतात, कारण तो प्रत्येक शब्दाला ‘कुणाचा?’ असं विचारतो. अजून अविवाहित. माझे यजमान २०१५ मध्ये गेले. घर तेच आहे, साखळी मी अजून लावते.

हार्लन सहा हिवाळे आर्डिसबरोबर तळ्यावर गेला. जुन्या जागेवर नाही. तिने नवी शोधली होती, आणि त्याला तिथे नेण्याआधी त्याचा फोन घराच्या ओट्यावर काढून ठेवायला लावायची. तो २०१९ च्या शरदात गेला, झोपेत. प्रार्थनेला ऑर्गन तिनेच वाजवला. आर्डिस आता पंच्याऐंशीची आहे. गुडघे धरतात म्हणून बर्फावर जात नाही. मागच्या हिवाळ्यात मी तिला सहज विचारलं की ती नवी जागा कुठे होती गं. तिने चहाचा कप खाली ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, “ती हार्लनची होती. त्याला विचारल्याशिवाय कशी सांगू?”